स्टीम-इचवरून प्रौढ गेम उतरवले: दुकानात काय ठेवायचं हे ठरवायचं कुणी?

गोदाकाठ

रेनपायच्या (गोष्टीवजा गेम बनवायच्या साधनाच्या) धाग्यावर या विषयाचं गुऱ्हाळ सुरू झालं आणि मूळ प्रश्न बाजूला राहिला, म्हणून वेगळा धागा काढतोय. आधी घटनाक्रम लिहितो, कारण तिथले निम्मे प्रतिसाद तारखांच्या घोळातच गेले.

२०२५ च्या सुरुवातीला स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या ऑनलाइन गेम-दुकानात, 'नो मर्सी' नावाचा गेम होता. बायकांवर बलात्कार करायचा, हाच त्यातला खेळ. ओरड झाली, युके, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात तो दिसेनासा झाला आणि एप्रिलमध्ये बनवणाऱ्यानेच उतरवला. ऑस्ट्रेलियातली कलेक्टिव्ह शाऊट ही संघटना या मोहिमेत पुढे होती. ११ जुलैला त्यांनी खुलं पत्र काढलं. ते स्टीमला उद्देशून नव्हतं. पेपाल, मास्टरकार्ड, व्हिसा, पेसेफ, डिस्कव्हर आणि जेसीबी या पेमेंट आणि कार्डकंपन्यांच्या वरिष्ठांना होतं. आठवडा उलटायच्या आत स्टीमच्या नियमांत नवं कलम आलं: पेमेंट प्रोसेसर, कार्ड नेटवर्क, बँका किंवा इंटरनेट पुरवठादार यांच्या नियमांत न बसणारा मजकूर चालणार नाही, विशेषतः 'काही प्रकारचा' प्रौढ मजकूर. कोणता प्रकार, ते लिहिलेलं नाही. रक्ताच्या नात्यातल्या लैंगिक संबंधांवरचे बरेच गेम लगेच गेले.

२४ जुलैला इच डॉट आयओ या दुसऱ्या, छोट्या गेम-दुकानाने त्याहून मोठं पाऊल उचललं. प्रौढ अशी खूण असलेलं सगळंच्या सगळं शोधातून काढलं. संस्थापक लीफ कॉर्कोरन यांनी लिहिलं की वेळ इतका कमी होता की बनवणाऱ्यांना आधी कळवताही आलं नाही. ३१ जुलैपासून फुकटचे गेम परत दिसू लागले, पैसे घेणारे नाही.

माझं मत सरळ आहे. 'नो मर्सी'साठी मी एक शब्दही खर्च करणार नाही, तो गेला ते बरं झालं. माझा आक्षेप रस्त्याला आहे. मोंढ्यात एखाद्या आडत्याचा माल खराब निघाला तर बाजार समिती आहे, तक्रार आहे, पंचनामा आहे. इथं कुणीतरी काट्यावाल्याला जाऊन सांगितलं की याचं माप घेऊ नको. माप थांबलं की आडत थांबते. नेमकं कोणतं पोतं किडकं होतं हे कुणी उघडून पाहिलंच नाही, आणि त्याच थप्पीतली चांगली पोतीही बाहेर पडली.

पूर्णाकाठची

गोदाकाठदादा, पंचनाम्याची गोष्ट पटली असती, पण बाजार समितीच नसेल तर तक्रार करायची कुणाकडं?

स्टीमचं धोरण ६ जून २०१८ पासून जाहीर आहे: बेकायदेशीर नसेल आणि निव्वळ खोडसाळपणा नसेल तर सगळं चालेल. म्हणजे निवड करायची जबाबदारीच दुकानाने अंगाबाहेर टाकली. विक्रीतला ३० टक्के वाटा मात्र घेतात. संघटनेचं म्हणणं आहे की त्यांनी कित्येक महिने स्टीमला कळवलं आणि उत्तर आलं नाही. मग ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्याकडं त्या गेल्या. यात गैर काय? बहिष्कार, पत्रं, फोन ही साधीसुधी माणसं वापरतात तीच हत्यारं आहेत. गेमवाल्यांनीही जुलैअखेरीस व्हिसा-मास्टरकार्डला तसेच फोन लावले ना.

आपल्याकडं गावोगावी बायकांनी दारूची दुकानं बंद पाडली तेव्हाही 'धंदा कायदेशीर आहे' हेच ऐकवलं जायचं.

गोदाकाठ

ताई, तुमचंच उदाहरण घेऊ. आडव्या बाटलीला आधी सह्यांचं निवेदन लागतं, मग राज्य उत्पादन शुल्क खातं सह्या तपासतं, मग गुप्त मतदान होतं आणि महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. दुकानदाराला नियम माहीत असतो, हरलेल्याला आकडा माहीत असतो. ती लढाई मला शंभर टक्के मान्य आहे, कारण तिला मतपेटी आहे. जुलैमध्ये मतपेटी कुठं होती?

चलनवलन

दोघांच्याही प्रतिसादात 'कार्डकंपन्यांनी काढायला लावले' असं गृहीत आहे. प्रत्यक्षात ते कसं घडतं ते लिहितो, थोडं लांबेल.

कार्डावरचा रुपया दुकानात पोचेपर्यंत चार हात लागतात. कार्ड देणारी बँक. मधलं नेटवर्क, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्ड. दुकानाच्या वतीने पैसे उचलणारी बँक, तिला अक्वायरर म्हणतात. आणि दुकानाला त्या बँकेशी जोडणारा प्रोसेसर, उदाहरणार्थ स्ट्राइप. नेटवर्कचा करार दुकानाशी नसतो, अक्वायररशी असतो. दुकानाने नियम मोडला तर दंड अक्वायररच्या नावावर पडतो आणि तो खाली ढकलतो. त्यामुळं अक्वायरर नियमाच्या काठावर कधीच उभा राहत नाही, चार पावलं आधीच थांबतो. आणि प्रोसेसर त्याच्याही दोन पावलं आधी.

मास्टरकार्डच्या नियमपुस्तकात ५.१२.७ हे कलम आहे. बेकायदेशीर व्यवहार नको, हा त्याचा पहिला भाग, त्यावर वाद नाही. दुसरा भाग असा की मास्टरकार्डच्या एकट्याच्या मते ज्या व्यवहाराने कंपनीच्या नावाला बट्टा लागू शकतो तोही नको. उदाहरणं दिली आहेत: उघडउघड किळसवाणी आणि गंभीर कलामूल्य नसलेली चित्रं, त्यात संमतीविना संबंध, अल्पवयीनांचं शोषण, प्राण्यांशी संबंध वगैरे. पण ही यादी 'उदाहरणादाखल' आहे, तिथं थांबलेली नाही. कलामूल्य आहे की नाही हे तपासायचं कुणी, तेही कलमात नाही.

आता १ ऑगस्टचं मास्टरकार्डचं निवेदन बघा. आम्ही कोणत्याही गेमचं मूल्यमापन केलं नाही, कुठल्याही साइटवर निर्बंध घालायला सांगितलं नाही. त्यावर व्हॉल्व्हचं उत्तर: मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललंच नाही, प्रोसेसर आणि त्यांच्या बँका बोलल्या, आम्ही २०१८ चं धोरण दाखवलं, ते त्यांनी नाकारलं आणि ५.१२.७ वर बोट ठेवलं. दोघंही खरं बोलत असतील. वरच्याने सांगितलं नाही, मधल्याने वरच्याच्या भीतीने सांगितलं. म्हणूनच कुणाला जाब विचारायचा ते सापडत नाही.

भीती कशाची, तेही समजून घ्या. प्रत्येक दुकानाला चार आकडी व्यवसाय कोड असतो. डिजिटल गेमचा ५८१६. प्रौढ मजकुरासाठी वापरतात तो ५९६७, आणि तो जोखमीचा धरला जातो, त्याला वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क लागतं. ५८१६ च्या दुकानात ५९६७ चा माल सापडणं हे अक्वायररसाठी संकट. दुसरी भीती चार्जबॅकची, म्हणजे गिऱ्हाईकाने बँकेमार्फत पैसे परत मागण्याची: मास्टरकार्डच्या हिशेबात महिन्यात किमान १०० चार्जबॅक आणि प्रमाण दीड टक्क्यावर गेलं की दुकान 'जास्त चार्जबॅकवाल्या' यादीत. तिसरी सगळ्यात वाईट. अक्वायररने तशा कारणावरून खातं बंद केलं की दुकानाचं नाव मॅच नावाच्या सामायिक यादीत जातं आणि पाच वर्षं तिथं राहतं. नवं खातं उघडण्याआधी प्रत्येक अक्वायरर ही यादी बघतो. इचसारख्या छोट्या दुकानाला पाच वर्षं कार्ड बंद म्हणजे कुलूपच. त्यांनी एकेक गेम तपासत न बसता आधी सगळं झाकलं, त्याचं कारण हे आहे. एका रात्रीत खुणेवरूनच छाटणी होऊ शकते, आतला मजकूर वाचून होत नाही. म्हणून अत्याचारातून सावरलेल्या बाईची गोष्ट सांगणारा मजकूरप्रधान गेम आणि अत्याचार हाच खेळ असलेला गेम, दोन्ही एकाच झाडूने गेले. दोघांवरही खूण तीच होती.

आणखी एक, हे जुलैमध्ये जन्मलेलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा-मास्टरकार्डने पॉर्नहबवर कार्ड बंद केली. ऑक्टोबर २०२१ पासून मास्टरकार्डने प्रौढ साइटींना प्रत्येक चित्रातल्या व्यक्तीचं वय आणि संमती नोंदवणं सक्तीचं केलं. तिथं खरी माणसं होती, खरे बळी होते, त्या नियमाला आधार होता. कल्पनेतून रेखाटलेल्या चित्रांना तोच साचा लावला की नोंदवायला माणूसच नसतो.

मांजराकाठ

चलनवलन, लई मुद्देसूद. एक शंका. मग आपल्याकडं यूपीआयवर घेतलं तर? त्यात व्हिसा-मास्टरकार्ड येतच नाहीत.

चलनवलन

घेणाऱ्यापुरतं बरोबर. स्टीमवर रुपयात किमती २०१५ पासून आहेत आणि यूपीआय चालतं. पण दुकानातली मांडणी एकच आहे. नांदेडमधल्या गिऱ्हाईकाने यूपीआयने दिले म्हणून तिकडं कार्डवाल्यासाठी काढलेला गेम इथं वेगळा ठेवत नाहीत. आणि यूपीआयच्या मागंही पेमेंट ॲग्रिगेटर (दुकानांच्या वतीने पैसे गोळा करणारी कंपनी) असतोच, रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे त्यालाही व्यापाऱ्याची छाननी करावी लागते. रस्ता बदलतो, नाका तसाच राहतो.

पेपालचंही तेच झालं. जुलै २०२५ मध्ये पेपालच्या मागच्या एका बँकेने स्टीमचे व्यवहार घेणं थांबवलं आणि युरो, पौंड, येन, अमेरिकन, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन डॉलर एवढी सहाच चलनं उरली. बाकी देशांतल्या लोकांना साधा शेतीचा गेमसुद्धा पेपालने घेता येईना. प्रौढ गेमशी त्या माणसांचा काय संबंध होता?

कलमवाला

इथं सगळे अमेरिकेच्या अंगाने बोलत आहेत. 'कायदेशीर गेम काढले' हे वाक्य भारतात तसंच्या तसं लागू होत नाही, हे आधी लक्षात घ्या.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. कलम ६७, अश्लील मजकूर प्रसारित करणं: पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कलम ६७अ, उघड लैंगिक कृती असलेला मजकूर: पाच वर्षं, दहा लाख. कलम ६७ब, मुलांसंबंधी: शिक्षा तेवढीच, पण त्यात तयार करणं, पाहणं, शोधणं, डाउनलोड करणं, सगळं येतं आणि 'मजकूर किंवा डिजिटल चित्रं' असे शब्द आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने असा मजकूर नुसता जवळ बाळगण्याबद्दलही पॉक्सोच्या कलम १५ चा कडक अर्थ लावला. तेव्हा कुणी 'चित्रच तर आहे' म्हणत असेल तर त्याला सावध करा.

पण कायद्यात दुसरी बाजूही लिहिलेली आहे. कलम ६७ आणि ६७अ ला अपवाद आहे: साहित्य, कला, विज्ञान, शिक्षण अशा सार्वजनिक हिताच्या कामासाठी असेल तर गुन्हा नाही. अश्लीलता कशी तोलायची यावर २०१४ चा अवीक सरकार खटला आहे, त्यात सुटं चित्र न बघता संदर्भासकट आणि समाजाच्या आजच्या मापाने बघायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये अपूर्वा अरोरा खटल्यात एका वेबमालिकेवरचा ६७ आणि ६७अ चा गुन्हा रद्द झाला, शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नाही म्हणून. आणि श्रेया सिंघल, २०१५: कुणीही बोट दाखवलं म्हणून मध्यस्थाने (दुसऱ्यांचा मजकूर ठेवणाऱ्या साइटने) तो काढायची सक्ती नाही, कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश लागतो.

योगायोग बघा. ज्या आठवड्यात इचने गेम झाकले त्याच आठवड्यात आपल्या केंद्र सरकारने २५ ओटीटी ॲप-साइटी बंद करण्याचे आदेश दिले. त्यात कोणती कलमं लावली ते जाहीर होतं. पुढच्याच महिन्यात ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायच्या गेमचे व्यवहार बँकांनी करू नयेत असं त्यात लिहिलं आहे. बघायला गेलं तर तीच युक्ती, काट्याला हात घालायची. पण इथं कलम वाचता येतं, संसदेत कुणी मांडलं ते ठाऊक आहे, त्याला हायकोर्टांत आव्हानंही गेली आणि सप्टेंबरमध्ये ती सुप्रीम कोर्टाने स्वतःकडं घेतली. ५.१२.७ ला आव्हान द्यायला कोणत्या कोर्टात जाणार? कराराचा भाग आहे, आणि त्या करारात गेम बनवणारा पक्षकारच नाही.

पूर्णाकाठची

कलमवाला भाऊ, उत्तम माहिती. पण कोर्टाची वाट ज्याला परवडते त्याची असते. तालुक्याच्या ठाण्यात जाऊन 'परदेशातल्या सर्व्हरवर अमुक गेम आहे' सांगितल्यावर पुढं काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. हा उशीर बनवणाऱ्याच्या फायद्याचा असतो.

चलनवलन यांचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागेल. सावरलेल्या बाईची गोष्टही त्याच झाडूने गेली, हे माझ्या बाजूचं नुकसान आहे. गेमवाल्यांचं म्हणून मी ते सोडून देणार नाही. बायकांचे अनुभव सांगणारे गेम आधीच थोडे. खुणेवरून छाटणी करणाऱ्याला पत्र लिहिताना नेमकी नावं आणि नेमकं कारण मागायला हवं होतं. पण बलात्कार हाच खेळ असलेला गेम दुकानात नको, यावर मी तसूभर हलणार नाही. त्याला मतपेटी नको, दुकानदाराची लाज पुरते.

गोदाकाठ

तसूभर हलू नका, ताई. मीही तेच म्हणतोय, फक्त ती लाज दुकानाच्या पाटीवर लिहिलेली असावी. इचने नंतर चालणार नाही अशा प्रकारांची यादी दिली: संमतीविना, नात्यातले, अल्पवयीन किंवा तसं भासवणारे, प्राणी वगैरे. स्टीमने अजून दिलेली नाही. माझ्या लेखी इच त्या बाबतीत पुढं आहे, भले ती यादी घाईने केलेली असो.

रेनपाय_परभणी

तत्त्वाची चर्चा चालू द्या. ज्यांचे गेम आत्ता विकायला लावलेले आहेत किंवा लावायचे आहेत त्यांच्यासाठी कामाचं लिहितो. गेम प्रौढ नसला तरी वाचा, कारण जुलैमध्ये खुणेच्या तडाख्यात साधे भयकथेचे गेमही सापडले.

खूण लावताना अंदाजाने लावू नका. इचवर 'प्रौढ मजकूर' हा चौकोन वेगळा असतो आणि टॅग वेगळे असतात. भयकथेत रक्त आहे म्हणून तो चौकोन भरणं ही नेहमीची चूक. तो लैंगिक मजकुरासाठी आहे. उलट, असताना न भरणं ही दुसरी चूक, आणि ती महागात पडते, त्यात आख्खं खातं जाऊ शकतं. स्टीमवर मजकुराची प्रश्नावली असते, तिच्यातलं वर्णन गिऱ्हाईकाला पानावर दिसतं. 'काही दृश्यं प्रौढ आहेत' असं मोघम लिहू नका. कोणत्या प्रकारची, किती वेळा, पात्रं सज्ञान आहेत का, हे दोन-तीन वाक्यांत लिहा. पानावरची मुख्य चित्रं सगळ्यांनी बघण्याजोगीच लागतात, गेम कोणताही असो; तपासणीत पान परत येतं ते बहुतेक इथंच.

पात्राचं वय कथेत कुठंतरी स्पष्ट असू द्या. शाळेचा गणवेश, शाळेची पार्श्वभूमी आणि 'ती १८ ची आहे' असं एक वाक्य, एवढ्याने भागत नाही, ना स्टीमवर ना आपल्या ६७ब पुढं. सरळ तो विषयच नको.

पैसे दुकानात साठवून ठेवू नका. इचवर पैसे आपोआप येत नाहीत, मागावे लागतात आणि मग तपासणी होते. ज्यांनी वर्षभर मागितलेच नव्हते त्यांची सगळी रक्कम जुलैच्या गोंधळात अडकण्याचा धोका होता. थोडे जमले की मागा. स्टीम १०० डॉलर झाल्याशिवाय पाठवत नाही, मग महिन्याने बँकेत थेट पाठवतं. सुरुवातीला भरलेले १०० डॉलर गेमने १,००० डॉलरची विक्री केल्यावर परत मिळतात, ते हिशेबात धरा.

अमेरिकेचा कर: डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म भरताना भारताचा करार निवडा आणि पॅन टाका, मग रॉयल्टीवर १५ टक्के कापतात. तो रकाना रिकामा राहिला की ३० टक्के. पुन्हा भरता येतो, पण कापलेलं सहजासहजी परत येत नाही.

दुकानाबाहेरची तयारीही ठेवा. प्रत्येक आवृत्तीची झिप, सोर्स आणि चित्रांच्या मूळ फायली दोन ठिकाणी. खरेदीची यादी दर महिन्याला उतरवून घ्या, म्हणजे पान गेलं तरी ज्यांनी पैसे दिले त्यांना फाइल पोचवता येईल. घेणाऱ्यांनीही इचवरची झिप वेळच्या वेळी उतरवून ठेवावी. स्टीमवर विक्री बंद झालेला गेम साधारणपणे घेतलेल्याच्या लायब्ररीत राहतो.

मांजराकाठ

बँकेचं कुणी सांगेल का? तालुक्याच्या शाखेत स्विफ्ट कोड विचारला तर 'आमच्याकडं नसतो' म्हणतात.

रेनपाय_परभणी

खरंच नसतो. परकीय चलनाचं काम ठरावीक शाखांनाच असतं. तुमच्या बँकेची संभाजीनगर, पुणे किंवा मुंबईतली परकीय चलनाची शाखा शोधा, तिचा स्विफ्ट कोड लिहा आणि खातं मात्र तुमचंच, तुमच्याच शाखेचा आयएफएससी. पैसे आले की शाखा 'पैसे कशाचे' म्हणून परपज कोड विचारते. सॉफ्टवेअर निर्यातीचा सांगा, 'भेट' किंवा 'घरखर्च' सांगू नका, पुढं जीएसटीच्या वेळी निर्यात सिद्ध होत नाही. बँकेकडून परकीय रक्कम मिळाल्याचा दाखला दर वेळी मागून घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) भरा.

बालाघाट

पोरं लातूरला शिकायला खोलीवर राहतात, लॅपटॉप त्यांच्याकडं. घरच्यांनी काय करावं? गेम काढा-ठेवा हा वाद दूरचा वाटतो.

चलनवलन

दूरचा नाही. दुकानाने नीट कुंपण घातलं असतं तर काट्यापर्यंत गोष्ट गेलीच नसती.

स्टीमवर फक्त-प्रौढ लैंगिक मजकूर सुरुवातीपासून बंदच असतो, खात्याच्या पसंतीत जाऊन चालू करावा लागतो. पण वय म्हणून जन्मतारीख विचारतात आणि ती कुणीही टाकू शकतं. म्हणून नुसती पसंती बंद करून उपयोग नाही, पोरगं ती उघडेल. स्टीम फॅमिलीज वापरा. एका कुटुंबात सहा जण बसतात. तुमचं खातं 'प्रौढ', त्याचं 'मूल' म्हणून जोडा. मग दुकान बघायचं की नाही, कोणते गेम, किती तास, हे तुम्ही ठरवता आणि तो खरेदीसाठी तुमच्याकडं विनंती पाठवतो. पालकाच्या खात्याचा पासवर्ड वेगळा आणि स्टीम गार्ड (लॉगिनची दुसरी खात्री) तुमच्याच मोबाइलवर पाहिजे, नाहीतर विनंती तोच मंजूर करतो. इचला असं काही नाही, तिथं ब्राउझर किंवा राउटरवरूनच अडवावं लागतं.

युकेत ऑगस्ट २०२५ पासून स्टीम प्रौढ पानं बघायला खात्यावर क्रेडिट कार्ड मागतं, तिथल्या कायद्यामुळं. वयाचा पुरावा म्हणून कार्ड.

पूर्णाकाठची

कलमवाला भाऊ, शेवटचं विचारते. ६७ब मध्ये बसेल असं काही दुकानात दिसलं, तर पत्र-मोहीम न करता तक्रार करायची नेमकी कशी?

कलमवाला

सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधी गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे. तिथं नाव न देताही मुलांसंबंधीची तक्रार करता येते, ठाण्यात जावं लागत नाही. १९३० हा क्रमांक पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तिकडं वेळ घालवू नका. पानाचा पूर्ण पत्ता, दुकानाचं नाव, गेमचं नाव, बनवणाऱ्याचं खातं, पाहिल्याची तारीख आणि वेळ एवढं लिहा. पानावर लिहिलेलं वर्णन शब्दशः उतरवून घ्या. पुरावा म्हणून गेम डाउनलोड करू नका, त्यातली चित्रं साठवू नका, कुणाला व्हॉट्सॲपवर पुढं पाठवू नका. कलमात डाउनलोड करणंही आहे आणि हेतू चांगला होता हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं. पत्ता दिला की पुढचं बघणं त्यांचं काम.